वस्तरा स्वच्छ होता

बुकिटिंगी, २४ फेब्रुवारी १९९१

दातुक जुल्बाहरी यांना,

सलाम लिहिते, कारण सलाम हा देवाचा हुकूम आहे. त्यात माझी माया शोधू नका, सापडायची नाही.

परवा शुक्रवारी, गावातले सगळे पुरुष मशिदीत असताना, तुम्ही माझ्या धाकट्या भावाचं शिलाई मशीन तुमच्या घराच्या जिन्याखाली काढून ठेवायला लावलंत. मशीनवर त्याची उशी, उशीवर त्याचे दोन सदरे. मास्रिल नमाज पढून परत आला तर ही मांडणी, आणि वर दार बंद. त्याची बायको, तुमची बहीण यार्निस, आत रडत होती म्हणे. तिनं दार उघडलं नाही, कारण तुम्ही दाराला पाठ लावून उभे होतात. आपल्याकडे नवरा बायकोच्या घरी राहायला जातो, म्हणून जावई म्हणजे खोडावरची राख, वारा आला की उडाली, अशी म्हण आहे. वाटायचं, म्हणी नुसत्या बोलायच्या असतात. तुम्ही करून दाखवलीत. शाब्बास!

आणि कारण काय, तर इजालच्या पाठीवर वळ. बाप पोराला मारतो! अहो, मास्रिल रस्त्यात मुंग्यांची रांग दिसली तर वळसा घालून जातो. लहानपणी मीच त्याला बदडायचे, तोही कधी उलटा हात करायचा नाही. तो पोराला मारणार? पोर आईच्या कुळाचं आणि त्याच्यावर हक्क मामाचा, ही रीत मला शिकवू नका, मीही याच मातीतली आहे. पण मामा झालं म्हणून बापाला चोरासारखं हाकलायचं, हे कुठल्या रीतीत बसतं ते जरा सांगा.

तो पेकनबारूला निघून गेला. तिथे एका शिंप्याच्या दुकानात मागच्या खोलीत झोपतो.

माझं म्हणणं साधं आहे. लग्नात जसा वाजतगाजत आमच्या दारातून नेलात, तसाच परत न्यायला या. पानाचं तबक घेऊन, दिवसाढवळ्या, आणि तुम्ही स्वतः. तोवर मी तुमच्या जिन्याची पायरी चढणार नाही. बोलायचं ते पत्रात. सोफ्यानची मिनीबस रोज जाते-येते, तो पत्र पोचवेल. उघडून वाचणारही नाही, त्याला वाचता येतं पण कंटाळा आहे.

दारनेलिस

*

कोतो बुंगो, ५ मार्च १९९१

उनी दारनेलिस,

वयानं मोठ्या आहात म्हणून उनी म्हणतो. नाहीतर तुमचं पत्र उघडून बघण्याच्याही लायकीचं नव्हतं. बाजारात कपड्याचं दुकान चालवून जीभ चांगलीच धारदार झाली आहे तुमची. पण मी गिऱ्हाईक नाही. माझ्या डोक्यावर कुळाच्या प्रमुखाचा फेटा आहे, आणि त्या फेट्याखाली पंचेचाळीस माणसं येतात.

मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पोर ओढ्यावर अंघोळ करत होतं. पाठीवर, दंडावर, मांडीवर जांभळे डाग, अंगठ्याएवढे, काही आमसुलासारखे काळे. शाळेच्या मास्तरांनीही पाहिले. पोराला विचारलं तर म्हणतं, "माहीत नाही मामा, आपोआप होतात." आपोआप! आठ वर्षांचं पोर बापाला वाचवायला खोटं बोलायला शिकलं, हे पाहून माझं डोकं फिरलं. त्याच शुक्रवारी मी निकाल लावला.

तुमचा भाऊ मुंगीला वळसा घालतो म्हणता. घालत असेल. तुमच्या घराण्याच्या हाताला आमच्या घरचं रक्त नवीन नाही, हे विसरलात वाटतं. माझा थोरला भाऊ तामसिर तुमच्या आजोबांच्या वस्तऱ्याखाली गेला. नऊ वर्षांचा होता. सुंता केली ती तुमच्या आजोबांनी, आणि पोर उठलंच नाही. तेव्हा तळ्याच्या हद्दीवरून त्यांचं आणि माझ्या आजोबांचं वाकडं होतं हे अख्ख्या गावाला माहीत होतं. आमच्या आईनं ते गिळलं. मास्रिल-यार्निसचं लग्न लावलं, ते ती जखम भरावी म्हणून. भरली नाही. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच.

पानाचं तबक विसरा. शाळेला सुट्टी लागली की, हजच्या ईदनंतर, इजालची सुंता करणार आहोत. तुम्ही त्याचे बाको, बापाकडची माणसं, म्हणून रीतीप्रमाणे आमंत्रण येईल. यायचं तर या, न यायचं तर उत्तम.

दातुक रांगकायो जुल्बाहरी

*

बुकिटिंगी, २३ एप्रिल १९९१

दातुक,

रोज्यांच्या महिन्यात तोंड विटाळायचं नाही म्हणून गप्प बसले. आता ईद झाली.

माझ्या आजोबांबद्दल लिहिलंत ते मी तीनदा वाचलं. आजोबांनी या डोंगराच्या दोन्ही अंगांना शेकडो पोरांची सुंता केली. वस्तरा उकळल्याशिवाय हातात घेतला नाही. पोरांना पहाटे नदीच्या गार पाण्यात बसवायचे, मग केळीच्या खोडावर, आणि गोष्ट सांगता सांगता काम उरकायचे. तुमचा तामसिर गेला, आणि गावानं "खुनी" म्हणून दारावर शेण मारलं. मी आठ वर्षांची होते, ते शेण मी आईबरोबर पुसलंय. त्यानंतर त्यांनी वस्तऱ्याला हात लावला नाही. लोकांची दाढीसुद्धा केली नाही. मरताना म्हणाले, "माझा हात चुकला नव्हता गं." तळ्याच्या हद्दीसाठी पोराचा जीव घेणारा माणूस असं मरत नाही.

असो. आता ऐका. ईदच्या चौथ्या दिवशी यार्निस माझ्या दुकानात आली. इजालला घेऊन. पोर लंगडत होतं. गुडघा फणसासारखा टरारलेला. आणि दंडावर नवे डाग, ताजे, जांभळे.

मास्रिल तर पेकनबारूला आहे, दातुक! मग हे कुणी केलं? तिथून हात लांब झाला त्याचा? डोंगर ओलांडून, तीन नद्या ओलांडून, रात्री येऊन पोराला चिमटे काढून गेला? घरात आता पुरुष एकच, तुम्ही. मी म्हणत नाही की तुम्ही मारलंत. तुम्ही म्हणालात तसं म्हटलं तर कसं वाटतं, एवढंच विचारते.

आणि तुम्ही त्याला अंग चोळणाऱ्या म्हाताऱ्याकडे नेलंत म्हणे. त्यानं गुडघा चोळला आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट झाला. पोर ओरडत होतं तर तुम्ही म्हणालात, "पुरुषानं रडू नये." माझ्या दुकानात माझ्या मांडीवर डोकं ठेवून मात्र चांगलं भोकाड पसरून रडलं. मी त्याला बिका दिली, तांदूळ-नारळाची गोड भाजलेली. खाता खाता म्हणालं, "आत्या, बाबा माझ्यामुळे गेले ना?"

याचं उत्तर तुम्ही द्या. 

दारनेलिस

*

कोतो बुंगो, २ मे १९९१

उनी,

यार्निस मला न विचारता शहरात गेली, याची वेगळी झाडाझडती झाली आहे. पुन्हा जाणार नाही.

गुडघा चेंडू खेळताना लागला. पोरं खेळतात, पडतात. डागांचं म्हणाल तर म्हाताऱ्यानं नीट पाहिलं. त्याचं म्हणणं, हा माणसाचा मार नाही, कुणीतरी केलेली करणी आहे. बाहेरून पाठवलेली. कुठल्या दिशेनं, ते त्यानं सांगितलं नाही, पण उत्तरेकडे तोंड करून थुंकला. बुकिटिंगी आमच्या कुठल्या दिशेला आहे ते तुम्हाला माहीत आहे. आणि पोरानं तुमची बिका खाल्ली त्याच दिवशी हिरडीतून रक्त आलं. मी आरोप करत नाही. तुम्हीही करत नाही म्हणालात ना, तसंच.

यापुढे माझ्या भाच्याला काहीही खायला द्यायचं नाही. दुखण्यावर मी त्याला डोकेदुखीच्या पुड्या देतो आहे, रोज एक. त्यानं झोप लागते.

सुंतेचा दिवस ठरला. ३० जून. मंडप, बांबूत शिजवलेला लमांग भात, मसाल्याच्या रेंदांगसाठी म्हैस, सगळं बोललो आहे. सुंता झाली की पोर पुरुष होईल, अल्लाचं नाव अंगावर येईल, मग कुणाची करणी चालायची नाही.

जुल्बाहरी

*

पाडांग, २७ मे १९९१

दातुक,

हे पत्र मी पाडांगच्या मोठ्या दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहिते आहे. शेजारी यार्निस आहे, तिच्या मांडीवर इजाल झोपलाय. ओरडायचं ते माझ्यावर ओरडा. मीच तिला निरोप धाडला, मीच गाडी केली. तुम्ही सभेला गेला होतात, तेव्हा आम्ही निघालो. हो, चोरासारख्या. तुमच्याकडूनच शिकले.

करणी म्हणालात ना? वाचून मला आधी हसू आलं आणि मग पत्रातल्या त्या डोकेदुखीच्या पुडीवर नजर गेली. माझ्या शेजारच्या दुकानातल्या बाईचा मुलगा औषधाच्या दुकानात असतो. त्याला विचारलं तर त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "रक्त येतंय आणि ही पुडी देताय? ताबडतोब बंद करा, डॉक्टर गाठा."

इथे पोराच्या दंडातून सुईनं रक्त घेतलं. एवढंसं भोक, पण कापूस भिजला, बाही भिजली, माझा पदर भिजला, तरी थांबेना. लहान मुलांचे डॉक्टर तरुणच आहेत, चष्मा कपाळावर ठेवून बोलतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. यार्निसला विचारलं, "बाई, तुमच्या माहेरी, म्हणजे आईच्या बाजूला, कुणी मुलगा रक्त जाऊन गेला होता का?"

यार्निस पायांकडे बघत बसली. मी तोंडात रुमाल कोंबला, कारण माझ्या तोंडून निघालं असतं. मग ती अगदी हळू म्हणाली, "माझा मोठा भाऊ. तामसिर. सुंतेनंतर. मी तेव्हा जन्मले नव्हते."

आता नीट वाचा. आजाराचं नाव हिमोफिलिया. रक्त गोठवायला जे लागतं, त्यातला एक घटक या पोराच्या रक्तात जवळजवळ नाहीच. जन्मापासून नाही. मग नुसतं टेकलं तरी आत रक्त फुटतं आणि डाग पडतो. तुमचे ते वळ! गुडघ्यात रक्त साठतं, चोळलं की अजून फुटतं. असं वारंवार झालं की सांधा झिजतो, पाय कायमचा आखडतो. डोक्यात झालं तर जीवच जातो. तुमची ती पुडी रक्त आणखी पातळ करते. आणि सुंता? डॉक्टर म्हणाले, "औषधाशिवाय वस्तरा लावलात तर मूल हातात राहणार नाही."

आणि हे येतं कुठून? आईकडून. बाई सुखरूप असते, तिला काही होत नाही, पण तिच्या पोटातून मुलग्याला जातं. सगळ्यांना नाही, निम्म्यांना. तुम्हाला नाही आलं, तामसिरला आलं. तुमच्या आईकडून यार्निसला, यार्निसकडून इजालला. बापाचा यात काडीचा संबंध नाही.

म्हणजे माझ्या भावाचा हात नव्हता, आणि माझ्या आजोबांचाही नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दातुक! बेचाळीस वर्षं दुसऱ्याच्या दारावर शेण मारलंत, आणि कारण तुमच्या स्वतःच्या घरात, तुमच्या स्वतःच्या रक्तात.

मला आनंद झाला. लपवत नाही. पोर मांडीवर पांढरंफटक पडलंय आणि माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटतायत, इतकी मी वाईट बाई आहे. ३० जूनचा मंडप उतरवा. आणि गावच्या सभेत उभं राहून सांगा, खुनी कोण होतं आणि कोण नव्हतं.

दारनेलिस

*

कोतो बुंगो, १ जून १९९१

उनी दारनेलिस,

यार्निसनं सगळं सांगितलं. कागदही दाखवला.

आमच्या कुळात घर बाईकडून येतं, शेत बाईकडून येतं, नाव बाईकडून येतं. आता तुम्ही म्हणता विषही बाईकडून येतं. चष्मा कपाळावर ठेवणारा एक पोरगा सांगतो आणि तुम्ही नाचायला लागता. हे चारचौघांत बोललात तर आमच्या एकाही मुलीचं लग्न जमायचं नाही, कुळ बुडेल. तुम्हाला तेच हवं आहे, मला माहीत आहे. आजोबांचा सूड.

आणि माझी आई अजून आहे. शहात्तर वर्षांची. रोज संध्याकाळी तामसिरचं नाव घेऊन तुमच्या आजोबांना शाप देते आणि मगच जेवते. मी तिला जाऊन काय सांगू? की आई, वस्तरा नव्हता, तू होतीस? तुम्ही सांगाल का तुमच्या आईला? उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, तुमचं काय जातं.

मंडप उतरणार नाही. आमंत्रणं गेली आहेत. आमच्या कुळातल्या कितीतरी पोरांची सुंता झाली, माझीही झाली, मी जिवंत आहे. तुम्ही येऊ नका.

जुल्बाहरी

*

बुकिटिंगी, १७ जून १९९१

दातुक,

मंडप राहू द्या उभा. सुंता करणारा कुठून आणणार?

मी गेल्या आठवड्यात दुकान बंद ठेवलं आणि फिरले. तुमच्या गावचा कंपाउंडर, बातुसांगकारचा म्हातारा, बासोचे दोघे भाऊ, सगळ्यांच्या घरी जाऊन चहा प्यायले. आजाराबद्दल एक अक्षर बोलले नाही. खरंच नाही, विचारा त्यांना. फक्त माझ्या आजोबांचं नाव सांगितलं. म्हटलं, "मी त्या पाकिया सैदींची नात. त्या घरातलं पोर गेलं तेव्हा आजोबांच्या दाराचं काय झालं, ते तुमच्या वडिलांना विचारा. आता त्याच घरातल्या दुसऱ्या पोराला तुम्ही वस्तरा लावणार आहात, देव तुमचं भलं करो."

एवढंच. बासोचा थोरला तर चहाचा पेला खाली ठेवायला विसरला. चौघांपैकी एकही तुमच्या दारात येणार नाही.

तुम्ही माझ्या आजोबांच्या नावाला काळं फासलंत ना? त्याच काळ्या नावानं मी तुमच्या भाच्याला वाचवलं. घाला शिव्या.

पण दातुक, एक विनंती करते, आणि मी विनंत्या करत नसते. हट्टानं लांबून कुणी अनोळखी माणूस आणू नका. माझ्याशी भांडा, मास्रिलला हवं तर जन्मभर बाहेर ठेवा, मी तबकाचं नाव काढणार नाही. पोराला कापू नका. पाया पडते म्हणायचं बाकी ठेवलंय, तेही म्हणते.

दारनेलिस

*

कोतो बुंगो, ४ ऑगस्ट १९९१

उनी,

तुम्ही काही ऐकलं असेल, काही नसेल. मी सांगतो, म्हणजे बाजारात तिखटमीठ लागायच्या आधी तुमच्याकडे साधं पोचेल.

तुमच्या कृपेनं ३० जूनला मंडप रिकामा राहिला. पाहुण्यांना सांगितलं, पोराला ताप आहे. म्हैस कापलेली होती, लोक जेवून गेले. त्या दिवशी तुम्ही समोर असतात तर काय केलं असतं सांगता येत नाही. मी खरंच पालेंबांगहून माणूस आणायचं ठरवलं होतं. तार लिहून ठेवली होती.

तार केली नाही, कारण पोराचा दात पडला. दुधाचा दात, हलत होता, पेरू खाताना पडला. कुणी हात लावला नाही, कुणी ओढला नाही. रक्त आलं. चूळ भरली, परत आलं. मीठ लावलं, राख लावली, कापूस दाबला. दुसऱ्या दिवशीही येतच होतं. पितळेचं पातेलं त्याच्यापुढे धरून मी बसलो होतो.

उनी, मी सहा वर्षांचा होतो तेव्हा तेच पातेलं धरून बसलो होतो. तामसिरच्या पायांशी. मोठी माणसं धावपळीत होती, म्हणून माझ्या हातात दिलं. पातेलं मांडीवर भरत गेलं तसं जड होत गेलं, ते मला आठवत होतं, पण मी ते आजवर कुणाला बोललो नव्हतो. तुम्हालाच का लिहितोय कुणास ठाऊक.

तेवढ्यात आई उठून आली. भिंत धरत धरत. पातेल्यात पाहिलं, पोराच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "तामसिर?" मी म्हटलं, "आई, हा इजाल." तिनं पोराची हनुवटी वर केली. मग म्हणाली, "याला तर कुणी कापलं नाही."

 ती खाली बसली आणि पोराचा पाय मांडीवर घेतला. त्या संध्याकाळी तिनं शाप दिला नाही. त्यानंतर एकदाही दिलेला नाही. जेवतही जेमतेमच आहे.

आम्ही तशीच गाडी केली आणि पाडांग गाठलं. लोकांच्या रक्तातून काढलेलं पिवळट औषध आहे, ते नळीनं दिलं. एका पोराला पुष्कळांचं रक्त लागतं, आणि जितकं वापरू तितकं परत द्या म्हणाले. यार्निसनं तुमच्या भावाला तार केली होती, मला न विचारता. या घरात आजकाल मला कुणी विचारत नाही. तो आला. आम्ही दोघं एका बाकावर बसलो, दंडावर कापूस दाबून.  त्यानं खिशातून लवंगेची सिगारेट काढली, अर्धी मोडून मला दिली. मी घेतली. याचा वाटेल तो अर्थ काढू नका.

औषध चालू होतं तोवरच डॉक्टरांनी सुंताही केली. दोन टाके, थोडं रक्त, संपलं. पोरानं विचारलं, "मामा, रडलं तर चालेल?" मी म्हटलं, "रड." गुडघा मात्र पूर्वीसारखा सरळ होणार नाही म्हणतात.

मी माफी मागत नाही. तुम्ही माझ्या बहिणीला फितवलंत, चार गावांत माझं हसं केलंत, ते माझ्या डोक्यात आहे आणि राहील. सुंभ जळेल, पीळ जायचा नाही. मास्रिलला न्यायला मी येईन. तो तुमच्याकडे येऊन थांबू दे. तबक घेऊन, दिवसा. झालं समाधान?

पण एक गोष्ट. मेसरा अकरा वर्षांची आहे. इजालची बहीण, तुमची भाची. डॉक्टर म्हणाले, तिच्यातही ते असेल किंवा नसेल, अर्धं-अर्धं. तुम्हाला सभेत आजोबांचं नाव धुवून हवं आहे. धुवायचं तर आजाराचं नाव घ्यावं लागेल. मग उद्या रीतीप्रमाणे मुलीकडचे म्हणून लग्नाचं पान घेऊन आम्ही कुठल्या मुलाच्या दारात जाणार? कोण घेईल ते? आधी मी तुम्हाला धमकी लिहिली होती. ते पान फाडलं. तुम्ही तिची आत्या आहात, काय करायचं ते तुम्ही ठरवा.

जुल्बाहरी

*

बुकिटिंगी, ११ ऑगस्ट १९९१

दातुक,

तुमचं पत्र आलं तेव्हा दुकानात गर्दी होती. एका बाईला ओढणी दाखवत होते. "जरा थांबा" म्हटलं आणि मागे जाऊन वाचलं. बाई निघून गेली. तेवढं नुकसान तुमच्या नावावर.

पातेल्याचं वाचलं. सहा वर्षांच्या पोराच्या हातात पातेलं देणाऱ्यांना काय म्हणावं! तरीही तुमचा राग गेलेला नाही. तुमची दया आली म्हणून राग जातो असं नाही, मला हे पहिल्यांदाच कळलं. दोन्ही एकाच पोटात राहतात.

तुमच्या आईला माझ्याकडून सांगा, जेवा म्हणावं. तिनं काही केलं नाही. केळीच्या खोडावर बसवणाऱ्यानंही काही केलं नाही. कुणीच केलं नाही, आणि म्हणूनच तर माणसं कुणाला तरी धरतात. शेण ज्या दारावर मारलं जातं त्या घराचं काय होतं ते मला माहीत आहे, तिच्या दारावर मारायला मी येणार नाही.

आता मेसरा. चार दिवस झोपले नाही मी. आजोबांचं नाव धुण्यासाठी मी जन्मभर वाट पाहिली, आणि आता हातात सोटा आला तर समोर उभी कोण, तर माझ्याच भावाची मुलगी, दोन वेण्या घातलेली. तुम्ही हे मुद्दाम केलंत असं म्हणून बघितलं, पण ते काही पटलं नाही.

तर ऐका. बाजारात माझं तोंड बंद. सभेतही आजाराचं नाव नको. पण घरात मात्र झाकपाक चालणार नाही. झाकलेल्या मुठीनं तुमच्या घरातलं एक पोर गेलं आणि दुसरं जात होतं. मेसरा मोठी झाली की यार्निसनं तिला सगळं सांगायचं. जो तिच्याशी लग्न करेल त्यालाही, पान देण्याआधी. तिला मुलगा झाला तर आधी रक्त तपासायचं, मग वस्तरा. चोळणारा म्हातारा नाही, पुडी नाही, करणी नाही.

आणि आजोबांसाठी मला एकच वाक्य हवंय. मास्रिलला न्यायला याल तेव्हा येताना आजोबांच्या कबरीपाशी थांबा. फेटा बांधून, बरोबरच्या माणसांसमोर म्हणा, "वस्तरा स्वच्छ होता." का, कसं, ते सांगू नका. कुणी विचारलं तर म्हणा, दातुकनं सांगितलं म्हणजे पुरे. आजवर तुमच्या शब्दावर गावानं वाईट मानलं, आता चांगलंही मानेल.

रविवारी या. मास्रिल शनिवारी पोचतोय. मी रेंदांग करीन, तुम्ही खाल की नाही ते तुमचं तुम्ही बघा. इजालला आणा. त्याच्यासाठी बिका करते, आणि या वेळी हिरडीतून रक्त आलं तर आधी डॉक्टर, मग मी.

राहता राहिलं तुमच्या पानाचं. कोण घेईल म्हणून विचारलंत. माझा योंद्री पंधरा वर्षांचा आहे. अभ्यासात ढ आहे, पण मनानं मामावर गेलाय, मुंगीला वळसा घालतो. आतेभावाशी लग्न आपल्यात चालतं, चांगलं मानतात. दहा वर्षांनी दोघांची मर्जी असेल तर, आणि तोवर तुम्ही चार दारं फिरला असाल आणि कुणी तबकाला हात लावला नसेल तर, ते तबक माझ्या दारात घेऊन या. त्याला आजच सगळं सांगून ठेवते. मीही सगळं जाणते, तरी मी ते पान घेईन.

आमचा जिना चढताना तिसरी पायरी मोडकी आहे, सांभाळून.

दारनेलिस